समाधीच्या दगडाची कपची

पातूरच्या पार्बताबाईचा नवरा पुंजाराम पाथरवट. त्याच्या टाकीखालून उडणाऱ्या कपच्यांशिवाय तिच्या घरातलं पान हलत नसे. पातेलं डुगडुगलं, घाल खाली कपची. भिंतीला फट पडली, ठोक कपची. कोंबडं ज्वारीत शिरलं, हाण कपची. भावकीत वाट्याला आलेल्या चिंचोळ्या जमिनीलाही ती कपचीच म्हणे, आणि ते दिराला बरोबर झोंबे.

समाधीच्या दगडाची कपची मात्र घरात ठेवायची नाही. ती वेचून त्या दगडाखालीच पुरायची, नाहीतर गेलेला जीव उंबरठा सोडत नाही, असं त्यांच्या घराण्यात मानत.

गेल्या उन्हाळ्यात शिवम, त्यांचा एकुलता मुलगा, मोटरसायकलवरून पडून गेला. त्याचा दगड पुंजारामानं स्वतः घडवला, कोणाला हात लावू दिला नाही. पार्बताबाईनं अंगण झाडून कपच्या वेचल्या, दगडाखाली पुरल्या. तरी तेरवीनंतर रोज भर दुपारी चुलीमागच्या भिंतीतून आवाज येऊ लागला. टक, टक. शिवमची टाकी अशीच हलक्या हाताची होती.

सून आचल गरोदर. तिचा धीर सुटला. ती भावासोबत अकोल्याला माहेरी निघून गेली आणि फोनवर स्पष्टच बोलली, की घर मोकळं झाल्याशिवाय लेकराला घेऊन त्या घरात पाऊल ठेवणार नाही. शिवमचं तेवढंच उरलेलं. पार्बताबाईनं घर पालथं घातलं.

चुलीमागच्या फटीत ती सापडली. बाकीच्या कपच्या धुरानं काळ्याकुट्ट, ही कोरी, निळसर.

“मीच ठेवली,” पुंजाराम मान खाली घालून म्हणाला. “समद्या पुरल्या असत्या त त्यानं यावं कोठं?”

पार्बताबाईचा तोल गेला. नातवाला मुकवायला निघालात, म्हणाली, आणखीही नको ते बोलली. उद्याच पुरून येते म्हणून तिनं कपची पदराला बांधली. त्या दुपारी भिंत गप्प राहिली. ती चुलीपाशी वाट पाहत बसली, पुढ्यातली भाकर तशीच वाळली. पोरगा पहिल्यांदा गेला तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. संध्याकाळी तिनं कपची फटीत आणखी आत सारली, वरून माती लिंपली आणि आचलला फोन करून पुरल्याचं सांगितलं.

चार दिवसांनी आचल आली. भाऊ गजेंद्र गाडी घेऊन दारातच थांबला होता. ती जेवायला बसली आणि भिंतीत सुरू झालं. टक, टक.

आचलचा घास हातातच राहिला. तिनं सासूकडे पाहिलं. पार्बताबाई ताटावरून नजर उचलेना. बाहेरून गजेंद्रनं विचारलं, निघू का मी?

आचल बराच वेळ ऐकत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “जाय तू, दादा. मी राह्यतो अठीच.”