उंबरठ्याबाहेरचा एक

आमच्या शिकवणीच्या काकू रिकाम्या खुर्चीला विचारल्याशिवाय शिकवायला सुरुवात करत नसत. "सुरू करू ना हो?" म्हणायचं, जरा थांबायचं, मग खडू उचलायचा. खुर्ची काकांची, वेताची. काका जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल. आम्ही विद्यानगरातली कार्टी आधी एकमेकींना कोपरं मारून हसायचो. पुढे हसू बंद झालं. का, ते सांगते.

ऋण घातांक काकू फळ्यावर शिकवतच नसत. बाहेरची खोली म्हणजे अंश, आतली म्हणजे छेद आणि मधला उंबरठा ही अपूर्णांकाची रेघ. मी एक्सचा उणे दुसरा घात, माझी मैत्रीण लावण्या वायचा उणे तिसरा. आपला मायनस, म्हणजे काळ्या पुठ्ठ्याची पट्टी, उंबरठ्यावर ठेवायचा आणि आत जायचं. "चिन्ह गळलं, दोनाचे दोनच राहिले. कैकू घाबरता? पलीकडे गेलं म्हणून कुणी संपत नाही," काकू म्हणायच्या. आतल्याला मायनस असला तर तो बाहेर यायचा. "नियम दोन्ही बाजूंनी आहे," हे मात्र त्या खुर्चीकडे बघून म्हणायच्या.

सगळे आत गेलो की शेवटी काकूही आत यायच्या. "बाहेर काय उरलं?"

"काहीच नाही!" आम्ही ओरडायचो. लावण्या तर दणकून "झिरो!"

मग काकू दाराच्या चौकटीवर खडू आपटायच्या. टक टक. "अय्यो, गधड्यांनो! एक उरतो. सगळे गेले तरी बाहेर एक असतोच."

आणि बाहेर खुर्ची कुरकुरायची. भर दुपारी, पंखा बंद असताना. कुणीतरी बसल्या जागी कूस बदलावी तशी. लावण्या माझा हात घट्ट धरायची. काकू मात्र गालात हसायच्या.

त्यांचा मुलगा, श्रीकांतदादा, कंपनीत मोठा माणूस. विसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. घर विकून आईला तिकडे न्यायचं, हा त्याचा हट्ट. "आई, इथे आहे कोण आता?" तो वैतागायचा. काकूंचं एकच उत्तर. "मी आले तर ह्यांच्याजवळ कोण?" कोठीच्या बाजारात भाजी आणायला निघाल्या तरी खुर्चीला "येते हो" म्हटल्याशिवाय पायात चप्पल घालत नसत.

मी शिकून नोकरीला लागले तरी जाणं-येणं सुटलं नाही. गेल्या वर्षी काकू अंघोळघरात पडल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. मी गेले तर माझं मनगट पकडून म्हणाल्या, "अगं, ह्यांना 'येते' म्हणायचं राहिलं. एकटे बसले असतील. तू जाऊन सांगशील?" मी "हौ, सांगते" म्हणाले. डोळे भरून आले होते, दुसरं काय म्हणणार? त्याच संध्याकाळी काकू गेल्या.

तेराव्यानंतर दादाने मला बोलावलं. घर विकल्याचे कागद झाले होते, बिल्डर दुसऱ्या दिवशी कुलूप लावणार होता. मी आधी खुर्चीपुढे उभी राहून निरोप सांगितला. दादाने बघितलं. मग आम्ही आतल्या खोलीत काकूंची लुगडी बांधत बसलो. गाठोडं आवळून तो उठला आणि कपाळ पुसत म्हणाला, "चला. बाहेर आता काहीच उरलं नाही."

टक टक.

चौकटीवर. आमच्यापासून हातभर अंतरावर. तिथे कुणी नव्हतं.

दादा पांढराफटक पडला. त्यालाही लहानपणी काकूंनीच शिकवलं होतं की. मला भीती वाटायला हवी होती, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. काका एकटे नव्हते.

दादाने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. शाळकरी पोरासारखा ताठ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "चुकलं, आई. एक उरतो."

बाहेर खुर्ची कुरकुरली.