कर्ण्यातला वाघ

नातीचे लग्न माझ्या माळावर लावावे, हा निर्णय माझा होता. तो माझ्यावर कोणी लादला नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ जाणार नाही.

माळ कडाव गावाच्या वर, डोंगर सुरू होतो तिथे आहे. नात आणि तिचा नवरा एकमेकांना प्रथम भेटले ते एका अभयारण्यात, सफारीच्या जीपमध्ये. म्हणून लग्नही तसेच हवे होते. मला कल्पना हास्यास्पद वाटली आणि मी होकार दिला.

चार दिवसांत माळ मला ओळखू येईनासा झाला. खाकी तंबू, उघड्या जीपगाड्या, बांबूचा मनोरा, कमानीशेजारी फायबरचा पिवळा वाघ. पाहुण्यांनी खाकी कपड्यांत यावे, असे पत्रिकेतच छापले होते. सगळी व्यवस्था मुंबईहून आलेली एक तरुण बाई पाहत होती. नवरदेव कमानीत शिरेल त्या क्षणी झाडांवर बांधलेल्या कर्ण्यांतून वाघाची डरकाळी घुमेल, असे तिने ठरवले होते.

माझी मागणी एकच होती. नवरदेव जीपमधून नव्हे, माझ्या बैलगाडीतून येईल. तांबडा आणि ढवळा ही जोडी बघायला लोक खालापुरापासून येत. दोन्ही बैल माझ्या गोठ्यात जन्मले. त्यांना जुंपायला शिकवले ते माझ्या गाडीवानाने. गाडीवान वरच्या ठाकरवाडीतला, माझ्याच वयाचा. चाळीस वर्षे तो माझ्याकडे होता. एवढ्या काळात त्याने मला सल्ला दिला तो दोन-तीन वेळाच.

लग्नाच्या सकाळी त्याने एकदा दिला. बाईने त्याला खाकी सदरा आणि रुंद काठाची टोपी घालायला लावली होती. कमरेचा कोयताही काढून ठेवायला सांगितला होता. फोटोत तो बरा दिसणार नव्हता. गाडीवान माझ्याकडे आला.

"दादा, कोयत्याबिगर मी गाडीवर बसलो नाय कधी."

"एका तासाचा प्रश्न आहे. ठेव काढून."

त्याने कोयता गोठ्याच्या आढ्यात खोवला. मग म्हणाला, "आनि तो वाघाचा आवाज बैलांना आदी ऐकवा. शर्यतीच्या आदी आपून शिट्ट्या ऐकवतो, तसा."

"अरे, या बैलांनी वाघ कधी पाहिला तरी आहे का? जे पाहिले नाही त्याला भितील कसे?"

"बैलानं नसंल पायला. त्याच्या रगताला म्हायती हाय."

"आणि तुझ्या रक्ताला काय माहिती आहे?"

"माझं रगत म्हंतंय, ही टोपी काढ." तो हसला. "म्हातारपनी पोष्टमन केला रं मला."

मीही हसलो आणि विषय संपवला. बाईला एक शब्द सांगितला असता तर तिने तो आवाज सकाळीच वाजवला असता. मी सांगितला नाही. गाडीवानाचे ऐकून व्यवस्था बदलणे मला कमीपणाचे वाटले.

दुपारी चारच्या सुमारास गाडी कमानीपाशी आली. शिंगांना गोंडे, पाठीवर झुली. नवरदेव गाडीत उभा होता. डरकाळी झाली.

ढवळा जागच्या जागी थरथरला. तांबड्याने शेण टाकले आणि मग तो उसळला. गाडीवान खाली उडी मारून वेसणीला भिडला. कासरा मनगटाला गुंडाळू नये, हे त्यानेच मला कधीकाळी शिकवले होते. त्या घाईत त्याने तो गुंडाळला. गाडीचे चाक दगडावर चढले, बैलाची मान जुवात अडकवणारी शिवळ मोडली आणि तांबडा मोकळा झाला. नवरदेव झेंडूच्या ढिगात तोंडावर पडला. ढवळा मोडक्या जुवाखाली गुडघ्यांवर बसला. तांबडा धावत सुटला आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गाडीवान होता.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, हे ठरवलेले आहे.

"एक नंबर!" कोणीतरी ओरडले. "परत, परत!"

कर्ण्यातला वाघ परत ओरडलाच. दर अर्ध्या मिनिटाला ओरडेल अशी योजना होती आणि यंत्र सांभाळणारा मनुष्य यंत्र सोडून पळाला होता. प्रत्येक डरकाळीला तांबडा दिशा बदले आणि गाडीवानाचे शरीर त्याच्यामागे नव्या बाजूला फेकले जाई. बैलाने टेबले उलथली. एका फोटोग्राफरची मांडी शिंगाने फाडली, तेव्हा टाळ्या थांबल्या आणि किंकाळ्या सुरू झाल्या. मग तांबड्याला फायबरचा वाघ दिसला. त्याने तो पोटात शिंगे घालून उचलला, आपटला, पुन्हा उचलला. पिवळे तुकडे त्याच्या तोंडावर, डोळ्यांत उडत होते. दरम्यान गाडीवान त्याच्या मागच्या पायांत आला होता. दोन खूर छातीशेजारी पडले. एक मनगटावर पडला. ते हाड मोडल्याचा आवाज मला कर्ण्यांच्या गोंगाटातही ऐकू आला.

"दादा, कासरा!" तो ओरडला. "हात तुटतोय माझा! कापा!"

कापायला काही नव्हते. कोयता आढ्यात होता. तंबूच्या खुंट्या ठोकायचा लोखंडी घण दोरांपाशी पडला होता. तो मी उचलला आणि बैलाच्या समोर जाऊन उभा राहिलो.

पुढचा भाग मी आजवर कोणाला पुरता सांगितलेला नाही.

बैल माझ्या अंगावर आला नाही. त्याने मला पाहिले आणि तो थांबला. नाकातून रक्त, डोळे पांढरे, पण तो थांबला. खाजवून घ्यायला रोज करतो तशी त्याने मान खाली घातली. कासरा सैल पडला. मी तेव्हा घण घातला. पहिल्या घावाला तो गुडघ्यांवर आला, दुसऱ्याला कुशीवर पडला. तिसऱ्याची गरज नव्हती. तोही मी घातला.

नात पिवळ्या शालूत धावत आली. "आजोबा, लग्न थांबवू या," ती म्हणाली. मी तिला मुहूर्त चुकवू नकोस असे सांगितले. गाडीवानाचा हात माझ्या फेट्यात गुंडाळून त्याला सजवलेल्या जीपमध्ये घातले आणि पनवेलच्या इस्पितळाकडे निघालो. बॉनेटवर फुलांच्या माळा होत्या. वाटेतल्या लोकांनी नवरदेव समजून हात हलवले.

"हात ऱ्हाईल का, दादा?" तो एवढेच विचारत होता.

"राहील."

"उजवा हाय."

"राहील म्हटले ना."

डॉक्टरांनी दोन तास घेतले. हात राहिला, मात्र मूठ पुन्हा वळणार नाही, असे ते म्हणाले. कासरा धरता येईल का, असे मी विचारले. त्यांना प्रश्न समजला नाही. मी पुन्हा विचारला नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. मग त्याने विचारले,

"तांबडा?"

"मेला. मी मारला."

"मारला?" त्याने उठायचा प्रयत्न केला. परिचारिकेने त्याला खाली दाबले. "कासरा सैल झाला व्हता, दादा. मला समजलं व्हतं. तो थांबला व्हता ना?"

नाही म्हणता आले असते. दुसरा साक्षीदार नव्हता. पाहुण्यांना बैल थांबलेला आणि बैल धावणारा यांतला फरक कळत नाही.

"थांबला होता," मी म्हणालो.

त्याने मान भिंतीकडे वळवली. बँडेजातला हात चादरीवर तसाच उताणा पडून होता. तो बोलला, तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर देता आले असते.

"तुमी जावा आता."

चाळीस वर्षांत त्याने मला कधी जा म्हटले नव्हते. मी उठलो आणि गेलो.