लसींच्या फ्रिजमधली डबी

"थंडी नीट खाल्ल्याशिवाय ते बी जागं होत नाही," असं सिस्टर एकदा सुनेला म्हणाल्या होत्या. सुनेला वाटलं, आपल्या उशिरा उठण्यावर बोलतायत.

सिस्टर दवाखान्यात लसी टोचायच्या. पंचवीस वर्षं एकच खोली: टेबल, रडणाऱ्या मुलांसाठी एक मोडका खुळखुळा आणि कोपऱ्यात लसींचा फ्रिज. त्याचं तापमान दोन ते आठ अंशांत राहायला हवं, म्हणून कंपाउंडरने त्यांचं नावच 'दोन-ते-आठ' पाडलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्या आकडा बघून वहीत लिहीत. लसींखेरीज आत काही ठेवायचं नाही, हा नियम त्यांनी इतका पाळला की डॉक्टरांची पाण्याची बाटली दोनदा उन्हात नेऊन ठेवली. डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, तुमचा फ्रिज आणि माझ्या सासूबाई सारख्याच. जवळ गेलं की आधी आवाज येतो."

सिस्टरांच्या थोरल्या बहिणीच्या दारात लॅव्हेंडर होतं. कमरेएवढं, राखाडी पानांचं, पाण्यावाचून पंधरा दिवस मजेत राहणारं. ताई गेली आणि भाऊजी त्याला दोन वेळा पाणी घालू लागले. याला तहान सोसते, ओल सोसत नाही, असं सिस्टरांनी परोपरीने समजावलं. भाऊजी मान डोलवायचे आणि पुन्हा नळी धरायचे. "तिचं झाड मी कोरडं कसं ठेवू?" एवढंच म्हणाले. मुळं कुजली. झाड उभ्याउभ्या काळं पडलं.

वाळलेल्या तुऱ्यांतून सिस्टरांनी बी झटकून घेतलं होतं, मोहरीहून बारीक, काळपट, चमकदार. अर्धं घाईने पेरलं. महिनाभर कुंडीत मातीखेरीज काही दिसलं नाही. रोपवाल्याने सांगितलं, ओलसर वाळूत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा, आणि वरून झाकू नका, त्याला उजेड लागतो. उरलेलं बी चिमूटभर होतं. ते गेलं की ताईच्या झाडाचं काहीच उरणार नव्हतं.

घरी फ्रिज होता. पण मुलगा पाणी पिताना त्याचं दार उघडं टाकी, नातू नुसतं बघायला उघडी, आणि आतलं तापमान कुणी कधी लिहिलं नव्हतं. जगात सिस्टरांचा विश्वास एकाच फ्रिजवर होता. त्याच्या खालच्या कप्प्यात, अगदी मागे, त्यांनी डबी ठेवली. वहीत आकडे लिहीत राहिल्या. अक्षर पूर्वीपेक्षा जरा सुबक येऊ लागलं.

पाचव्या आठवड्यात तपासणी आली. तपासनीस बाई वयाने लहान, बोलायला मऊ. सिस्टरांची वही त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दवाखान्यांना नमुना म्हणून दाखवायला नेते म्हणत त्यांनी ती पिशवीत टाकली. मग त्यांनी खालचा कप्पा चाचपला आणि डबी टेबलावर ठेवली. झाकण काढलं. वाळू.

कंपाउंडर छताकडे बघू लागला. डॉक्टरांनी घसा खाकरला आणि आधीच्या कुणाची तरी राहिली असेल, असं सुचवलं. तपासनीस बाईंनाही ते सोयीचं होतं.

"कुणाची नसेल तर कचऱ्यात टाकते," त्या म्हणाल्या, "आणि विषय इथेच संपला."

त्यांचा हात डबीकडे गेला.

"माझी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"काय आहे यात?"

"बी आहे. फुलझाडाचं."

"सिस्टर, तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. ते चेष्टेचा सूर शोधत होते. सापडला नाही.

तपासनीस बाईंनी खुलासा मागणारा कागद लिहिला. फ्रिजचा ताबा उद्यापासून कंपाउंडरकडे, असंही त्यात लिहिलं. वही त्यांनी पिशवीतून काढून परत टेबलावर ठेवली. सिस्टरांनी सही केली, कमरेची फ्रिजची किल्ली सोडून कागदावर ठेवली. फ्रिजचं दार पुरतं लागलं नव्हतं, ते तळव्याने दाबून बसवलं. मग डबीला झाकण लावलं, ती दोन्ही हातांत धरली आणि रांगेतल्या आयांच्या मधून वाट काढत बाहेर पडल्या.