जास्तीचे दोन सजदे

माझी नमाज पूर्ण होत नाही, हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना वाटायचं, पोरगी पाच वेळची नाही तरी तीन वेळची पढते. मुसल्ल्यावर, नमाजच्या चटईवर, उभी राहायचे हे खरं आहे. पण दुपारच्या चार रकातींत, म्हणजे नमाजच्या चार फेऱ्यांत, दुसरीपर्यंत पोचले की मन कुठल्या कुठे निघून जायचं. परत यायचं तेव्हा ही तिसरी रकात की चौथी, काही केल्या आठवायचं नाही. मग मध्येच मान वळवून सलाम फेरून नमाज तोडायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोडली की मुसल्ला गुंडाळायचा आणि गुपचूप भांडी घासायला बसायचं, म्हणजे अम्मीला वाटावं की झाली. अल्लाहसमोरसुद्धा माझं चित्त जागेवर राहत नाही, मग मी कुणाच्या कामाची, असं वाटून हौदीपाशी बसल्या बसल्या डोळे भरून यायचे.

आम्ही सिन्नरचे. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, हुशार आहे पण लक्ष नसते. कंपास, डबा, छत्री, स्वेटर, काय काय हरवलं नाही मी! एकदा परीक्षेत उत्तरपत्रिका बाकावरच ठेवून पुरवणी तेवढी देऊन आले. सर म्हणायचे, "बाई, तुम्ही आलात, आता डोकंही बोलावून घ्या." वर्ग हसायचा आणि मीही हसायचे, सगळ्यांत मोठ्याने. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तारेचे वेढे मोजताना मध्येच कुणी हाक मारली तरी त्यांची मोजणी चुकत नाही. अशा माणसाला माझं काय कळावं? "तुला कमी काय आहे ते सांग," एवढंच ते विचारायचे.

कॉलेज नाशिकला, रोज एसटीने जाऊन येऊन. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी एका पेपरला उशिरा पोचले, आत घेतलं नाही. झालं! एक गेला म्हणून उरलेले सगळे सोडून दिले. आता पुढच्या वर्षी पहिल्यापासून, अगदी नीट, असं मनाशी ठरवलं. नवीन वह्या आणल्या, तीन रंगांच्या पेनांनी वेळापत्रक काढलं. आठवड्यात ते वेळापत्रकच हरवलं. घरी सांगितलं की पेपर दिले, नापास झाले. वर्ष गेलं ते गेलंच, वर खोटं बोलल्याचा काटा आत रुतून बसला.

कॉलेजमधल्या एका मॅडमनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एडीएचडी हे नाव कळलं. दोन दिवस हलकं वाटलं, म्हणजे मी आळशी नव्हते तर! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, म्हणजे हे जाणारही नाही. गोळी सुरू झाली. गोळीने गोंगाट कमी झाला, पण गोळी घ्यायची आठवण कुणी करून द्यायची? अब्बा म्हणाले, "आमच्या वेळी याला चुकारपणा म्हणायचे." अम्मीने ताईत बांधला. तोही मी अंघोळीच्या वेळी काढून कुठेतरी विसरले.

दुसरं वर्ष पुन्हा देऊन कसंबसं पास झाले, मग तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, "ही शेवटची. या वेळी नापास झालीस तर कॉलेज बंद." वेळापत्रकाचा फोटो मी मोबाइलच्या पडद्यावरच लावून ठेवला होता. पाच पेपर होते, चार दुपारी दोन वाजता आणि पहिला सकाळी दहाला. तो फोटो मी दिवसातून वीस वेळा बघायचे आणि प्रत्येक वेळी डोळ्यांना दोनच दिसायचे. मन लावून अभ्यास केला होता, हे विशेष. दुपारी एक वाजता ऐटीत गेटवर पोचले. शिपाईकाका माझ्याकडे बघतच राहिले. "अगं ताई, पेपर तर सुटलापण," ते म्हणाले.

मी रडले नाही. रडायला आतमध्ये काही उरलंच नव्हतं. सिन्नरची गाडी पकडायची म्हणून निघाले आणि सीबीएसचा एसटी स्टँड मागे टाकून तशीच चालत राहिले. डोक्यात एकच चालू होतं. मी या घरात नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं, अम्मीला एक काळजी कमी, अब्बांना एक लाज कमी. त्या दिवशी हा विचार अगदी शांतपणे आला होता. भीती त्या शांतपणाचीच वाटते. पाय कसे वळले कुणास ठाऊक, भानावर आले तेव्हा मी जुन्या नाशकातल्या दर्ग्याच्या पायऱ्यांवर होते. लहानपणी अम्मीबरोबर दोनदा आले असेन, तेवढंच.

बायकांसाठी एका बाजूला ओसरी आहे. जोहरची, दुपारच्या नमाजची, वेळ निघून चालली होती. हातपाय-तोंड धुऊन वुजू केलं आणि खांबाजवळ उभी राहिले. व्हायचं तेच झालं. तिसरी की चौथी? तोडली, पुन्हा उभी राहिले. पुन्हा तोडली. तिसऱ्यांदा सलाम फेरला आणि मागून आवाज आला, "ए पोरी, तुझं चाललंय काय? किती वेळा तोडशील? खांबाची जागा सोड, माझे गुडघे वाट बघतायत."

वळून पाहिलं तर एक म्हातारी बाई, डोळ्यांवर हिरवा चष्मा. मालेगावची होती. तिची बोली उर्दू, मी इथे मराठीत लिहितेय. डोळे तपासायला नाशिकला आली होती, आणि डॉक्टर आलेच नाहीत म्हणून वेळ काढायला दर्ग्यात येऊन बसली होती. "मी विसरते," मी म्हणाले. आणि मग रडू फुटलं. आवरेचना.

ती जवळ आली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "विसरते म्हणून तोडतेस? तुला मकतबात सहवचे सजदे शिकवले नाहीत?"

शिकवले होते की! नमाजमध्ये चूक झाली, विसर पडला, तर शेवटी कपाळ जमिनीला टेकून दोन सजदे जास्तीचे करायचे. मकतबात, मशिदीतल्या त्या शाळेत, हाफिजसाहेबांनी लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. पण मला वाटायचं, ती सोय एरवी नीट पढणाऱ्यांची, ज्यांचं वर्षातून एखाद्या वेळी चुकतं त्यांची. माझ्यासारखीने रोज रोज ती कशी घ्यायची? मी तसं म्हटल्यावर म्हातारी हसलीच.

"माझं डोकं म्हणजे चाळण. तीन की चार कळेना झालं की मी तीन धरते, एक अजून पढते, शेवटी दोन सजदे करते आणि म्हणते, घे बाबा, आजचेही घे. तू विसरणार, हे अल्लाहला तुझ्या आधीपासून माहीत आहे. खुद्द हुजूर, आपले पैगंबर, एकदा रकात विसरले होते. त्यांनी काय पहिल्यापासून सुरू केली? तू कोण मोठी लागून गेलीस, बिनचुकीची नमाज पढणारी!"

मी पुन्हा उभी राहिले. तिसरी की चौथी, शंका आलीच. तीन धरली. एक अजून पढले. शेवटी ते दोन सजदे केले आणि दुसऱ्या सजद्यात कपाळ जमिनीवरून उचलवेना. एवढ्या वर्षांत नमाज मी पहिल्यांदा पूर्ण केली होती, आणि तीही चुकीसकट. विसरणाऱ्यासाठी नमाजच्या आतच जागा ठेवलेली होती. मी मात्र प्रत्येक वेळी दार उघडून बाहेर पळत होते.

निघताना तिला परीक्षेचं सांगितलं. तिने चष्म्याआडून विचारलं, "किती पेपर राहिले?"

"चार."

"मग इथे बसून काय करतेस?"

बाहेर येऊन अब्बांना फोन लावला. मागच्या वेळी बोलले होते तसलं खोटं जिभेवर तयार होतं. ते गिळलं. "अब्बा, आजचा पेपर चुकला. वेळ चुकीची वाचली. आणि दुसऱ्या वर्षीही मी नापास झाले नव्हते, पेपर दिलेच नव्हते. पण उरलेले चार मला द्यायचेत." पलीकडे त्यांनी दुकानातलं मशीन बंद केलं. "घरी ये," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या पेपरच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर गाडीत बसले, गेटवर शिपाईकाकांना वेळ विचारून घेतली आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या टपरीवर बसून राहिले. चारही पेपरांना. मला तेवढं पुष्कळ होतं.

चारांतले तीन सुटले. एक राहिला आणि तो चुकलेला, असे दोन पुन्हा द्यायचेत. माझं डोकं तेच आहे. गेल्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून मी शेजारी निघून गेले, पातेलं जळून कोळसा झालं. निराशा अजून येते, कधी कधी दिवसचे दिवस राहते, उठूच नये असं वाटतं. त्या मालेगावच्या म्हाताऱ्या खालांचं, मावशींचं, नावही मी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांचे डॉक्टर का आले नाहीत, हे मला ठाऊक नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसाठी तेवढी दुआ करते, आठवते तेव्हा.

आधी मला वाटायचं, शरण जायचं तर आधी स्वतःला आवरून, धुऊन-पुसून जायला हवं. तसं आवरून होणं माझ्या नशिबात नाही. म्हणून आता मी आहे तशी, अर्ध्या चित्ताची, त्याच्यासमोर जाते. मधेच हरवते आणि जिथे भान येतं तिथूनच पुढे पढते. त्याने मला एकदाही परत पहिल्यापासून ये असं म्हटलेलं नाही.