आयुधपूजेनंतर लावलेली लेबलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे — आता सहन होत नाही म्हणून.

हुबळीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कुठल्या पिंपात काय आहे, त्याची लेबलं लावणं माझं काम. त्यांवरची चित्रं कामावरच्या बायकांना मीच शिकवली. लाल चौकटीत हातावर थेंब पडतोय, हात झिजतोय — म्हणजे ॲसिड. अळणावरकडची रेणुकाक्का आधी वासावरून पिंप ओळखायची. तिला मी सगळ्यांसमोर झापलं. वासावर जायचं नाही, लेबल बघायचं. तेव्हापासून ती लेबल बघायला लागली.

दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्याकडे यंत्रांबरोबर पिंपंही धुतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी दोन लेबलं भिजून निघाली, एक ॲसिडचं, एक पातळ साबणाचं. नवनगरला घरी पाहुणे आले होते, मला घाई होती. पिंपं सगळी निळी, सारखीच. उघडून बघायला असा किती वेळ लागला असता? मी आठवणीवर लेबलं चिकटवली आणि निघालो.

सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी रेणुकाक्काने साबणाचं लेबल बघून पिंपात प्लास्टिकचा मग हातासकट बुडवला. हातात मोजे नव्हते — साबणाला लागत नाहीत, हेही मीच सांगितलेलं. आत ॲसिड होतं. वास आला नसेल का तिला? आला असणार.

सगळे तिला घेऊन दवाखान्यात धावले. आणि मी — मी मागे राहिलो. दोन्ही लेबलं खरवडून काढली, त्या पिंपावर ॲसिडचं लावलं, दुसऱ्यावर साबणाचं.

चौकशीत तिला त्या पिंपासमोर उभं केलं. हाताला पट्ट्या होत्या. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला दिसलंच नाही की ओ, सर. माझंच चुकलं."

तिचं काम गेलं. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. मध्यंतरी उणकलला तिच्या लेकीकडे तिला भेटायला गेलो — कशाला गेलो होतो मी? चहा ठेवताना रेणुकाक्काने फळीवरचे दोन डबे काढले आणि लेकीला हाक मारली, यातली साखर कुठली, बघून सांग. लेक मला हळूच म्हणाली, तेव्हापासून आई स्वतःच्या डोळ्यांवर विश्वासच ठेवत नाही.

मी तो चहा प्यालो आणि घरी आलो.

तिचे डोळे चांगले होते. तिने नीटच बघितलं होतं. लेबल मी चुकीचं लावलं होतं, आणि नंतर मीच ते बदललं. तिला हे अजून माहीत नाही.