माशीचं बारसं

इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला नांदेडच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. किनवटच्या जंगलात दोन पावसाळे एकटीनं सागाची पानं उलटीपालटी करून मी मोहरीएवढी एक परजीवी गांधीलमाशी शोधली होती. तशी माशी आजवर कुणीच नोंदवली नव्हती. माझे मार्गदर्शक सर जंगलात एकदाच आले आणि चिखल आहे म्हणून जीपमधून उतरलेच नाहीत. माशीला पंख किती, हेही त्यांना सांगता आलं नसतं. पण ती नवी ठरताच त्यांनी मला न विचारता तिला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव द्यायचं ठरवलं, आणि शाल-हार घालून अध्यक्षांना थेट प्रयोगशाळेत आणलं. अध्यक्ष मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, "लई देखणी हाय. करती काय ही?" सर लाचारीनं हसत म्हणाले, "शेतकऱ्याची मैत्रीण आहे, साहेब." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी खरं ते सांगितलं, "जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं तिला आतून खात राहतात, पण स्वतःचं पोट भरेपर्यंत मरू देत नाहीत." अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "असल्या किड्याला माझं नाव देऊन राहिले व्हय?" एवढंच म्हणून ते निघाले, आणि सर त्यांची घसरलेली शाल उचलून मागं धावले. शोधनिबंध छापून आला तेव्हा माशीला किनवटचं नाव होतं आणि लेखक म्हणून एकट्या सरांचं. परवा भाजीबाजारात सर समोर आले आणि "ओळखलं का?" म्हणाले. मी त्यांना नीट न्याहाळलं, "नाही" म्हटलं आणि मी वांगी निवडत राहिले.