आत्या नकाशा वाचायला शिकतात

थकवा म्हणजे काय हे दुसऱ्याला विचारून घ्यावं लागेल अशी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. नात्यानं माझ्या आत्तेसासूबाई. वर्क परमिटवर आम्ही दोघं इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकला आलो तेव्हा या देशात हक्कानं जाता येईल असं तेवढंच एक घर होतं. पहिल्या रविवारी नव्या जावयाला शोभेलसा इस्त्रीचा शर्ट घालून मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तर आत्यांनी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या पायांनी दार उघडलं, "या जावईबापू, बसा, चहा होईपर्यंत मी जरा कालव्यावर जाऊन येते" म्हणाल्या, आणि खांद्यावर कयाकची अरुंद होडी घेऊन निघून गेल्या. वय तेव्हा त्रेपन्न. मूळच्या नागपूरच्या, तिथंच डॉक्टर झालेल्या, तरुणपणी इकडच्या हॉस्पिटलात आल्या आणि पुढं भूलतज्ज्ञ झाल्या. दिवसभर लोकांना झोपवायचं काम असल्यामुळे स्वतःच्या वाट्याची झोपसुद्धा त्या पेशंटनाच देऊन टाकत असाव्यात, असा माझा बरेच दिवस समज होता.

ॲडव्हेंचर रेसिंग हा त्यांचा छंद. आधी डोंगरातून पळायचं, मग सायकल, मग नदीतून कयाक आणि उरलं असेल तर पुन्हा पळायचं, असं तीस-तीस तास चालणारा हा प्रकार लोक सुट्टी काढून आणि स्वखुशीनं करतात, हे मला आधी खरंच वाटेना. बाकीचे स्पर्धक एनर्जी बार चघळत, तेव्हा आत्या फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढत. वेल्समधल्या एका डोंगरावर पाय गळून बसलेल्या एका उंचच उंच इंग्रजाला त्यांनी दशमी खायला घालून उठवला. तो गृहस्थ पुढं दर दिवाळीला न चुकता घरी येऊन दशम्या मागत असे, लाडू-चकलीकडे ढुंकूनही बघत नसे. एकदा तर लंडनमधल्या स्टॅनमोरच्या हॉलमधल्या गणपतीला त्या रेस संपवून थेट आल्या. नऊवारी चापूनचोपून नेसलेली, नाकात नथ, आणि साडीच्या खाली पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. आरती चालू असतानाच त्यांना पायाला काहीतरी जाणवलं. त्यांनी पर्समधून चिमटा काढला, शांतपणे पोटरीवरची गोचीड उचलून डबीत बंद केली आणि पुढच्या कडव्याला सुरात सूर मिळवला. शेजारच्या काकू त्यानंतर प्रसादाच्या रांगेत त्यांच्यापासून बऱ्याच लांब उभ्या होत्या.

एकच गोष्ट आत्यांना अजिबात जमत नसे, ती म्हणजे रस्ता सापडणं. आमच्या गावात जिकडेतिकडे राउंडअबाउटचे गोल चौक, आणि प्रत्येकाला आत्यांच्या गाडीच्या दोन-दोन प्रदक्षिणा. मग शेजारी बसलेले त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, खिडकीबाहेरची नजर न काढता "तिसरा" म्हणत आणि गाडी तिसऱ्या रस्त्याला लागे. काका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, रस्त्यांचे इंजिनिअर होते. नकाशा ते वर्तमानपत्रासारखा वाचत, म्हणजे आधी सगळ्यावरून नजर फिरवून मग हव्या त्या बातमीकडे. बारा वर्षं दोघांनी जोडीनं रेस केल्या. आत्या पुढं धावायच्या, फाटा आला की ओरडायच्या, "अहो, आता कुठं?" आणि मागून धापा टाकत काका सांगायचे, डावीकडं, उजवीकडं. "पाय तिचे, डोकं माझं," काका म्हणत. आत्या म्हणत, "डोकं नाही हो, तोंड."

आम्ही आल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात काकांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं हळूहळू परतलं, पण उजवा हात आणि उजवा पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. आत्यांनी दोघांचे रेसचे बूट गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. पुढच्या तीन महिन्यांत मी त्यांना प्रथमच चालताना पाहिलं. दुसरा जोडीदार शोधा, असं सगळ्यांनी सांगून झालं. त्यावर त्या फक्त "बघू" म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

ऑक्टोबरात एके दिवशी मी गेलो तर काका खुर्चीत ताठ बसले होते आणि आत्या समोर जमिनीवर, पुढ्यात नकाशा. हॉस्पिटलातल्या एका स्कॉटिश फिजिओथेरपिस्टनं त्यांना स्की ओरिएंटीअरिंगची गोष्ट सांगितली होती. बर्फाच्या जंगलात शेकडो वाटा आखलेल्या असतात, छातीवर एक फळी बांधून तिच्यावर नकाशा लावायचा, आणि पायात लांब स्की, दोन्ही हातांत काठ्या अशा अवस्थेत ठरवून दिलेली ठिकाणं क्रमानं शोधत जायची. एकट्यानं. दर दोन मिनिटांना फाटा येतो आणि तिथं विचारायला कुणी नसतं.

"आत्या, यापेक्षा नुसती मॅरेथॉन का नाही करत?" मी विचारलं.

"त्यात काय, सरळ तर पळायचं असते," आत्या म्हणाल्या. नागपूर त्यांच्या जिभेवरून कधी गेलं नाही. "हे मला येत नाही, म्हणून करायचं."

काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हिला नकाशा शिकवायला मला दहा वर्षं तरी लागतील. तेवढं जगायला माझी हरकत नाही."

दक्षिण इंग्लंडात बर्फ कुठला? म्हणून चाकं लावलेल्या स्की आल्या. माझं ऑफिस ज्या बिझनेस पार्कात होतं तिथलं कार पार्क रविवारी रिकामं असे. तिथं सराव सुरू झाला. या चाकांना ब्रेक नसतात, ही माहिती आत्यांनी मला उताराच्या खालच्या टोकाशी उभं करून मग दिली. सुरुवातीला त्या मला धरून थांबत, नंतर दिव्याच्या खांबाला धरून, आणि डिसेंबरात एकदा त्या आपल्या आपण थांबल्या तेव्हा लांबून पाहत असलेल्या सिक्युरिटी गार्डनं टाळ्या वाजवल्या. काका गाडीत काच खाली करून बसायचे. डाव्या हातानं त्यांनी त्या कार पार्कचा नकाशा काढला होता, झुडपं आणि कचऱ्याच्या पेट्यांसकट. आत्या चौथ्याऐवजी सातव्या खुणेपाशी पोचल्या की ते हॉर्न वाजवत. इतके खडूस शिक्षक मी शाळेतही पाहिले नव्हते. पण एक होतं, औषधांच्या वेळा आता काका स्वतः लक्षात ठेवत होते.

फेब्रुवारीत आम्ही तिघं गाडीनं स्कॉटलंडला गेलो, ॲव्हिमोरजवळच्या एका पाइनच्या जंगलात. चाळीसेक स्पर्धक, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. जावईबापूंनी नुसतं बघत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून आत्यांनी मलाही नवशिक्यांच्या सगळ्यात लहान रेसमध्ये अडकवलं होतं. खऱ्या बर्फावर आत्या आदल्या दिवशी प्रथमच उभ्या राहिल्या होत्या. "दीड तासात सगळं संपते म्हणे," त्या मला सुरुवातीच्या रेषेवर नाराजीनं म्हणाल्या, "माझं अंग गरम व्हायलाच दोन लागतात." नकाशा हातात आला तेव्हा मात्र त्यांनी एकदा मागं वळून काकांकडे पाहिलं. काकांनी काठीनं पुढं बोट दाखवल्यासारखं केलं.

माझी रेस दहाव्या मिनिटाला संपल्यात जमा होती. एका फाट्यापाशी मी पडलो, स्की निघाली, आणि बुटात बर्फ ठासल्यामुळे ती पुन्हा बसेना. मी एका ओंडक्यावर बसून बूट साफ करत होतो, तेवढ्यात वरून आत्या आल्या. त्यांना मी दिसलो नाही. फाट्यावर त्या थांबल्या, छातीवरच्या नकाशाकडे पाहिलं, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"अहो, आता कुठं?"

मग त्या उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. झाडांवरून थोडा बर्फ खाली घसरला, तेवढाच काय तो आवाज. मग त्यांनी काठ्या सावरल्या आणि उजवीकडे वळल्या.

रस्ता डावीकडे होता. आमचं पुढचं ठिकाण एकच होतं, आणि त्याच फाट्यावर बसून माझा नकाशा मी पाठ केला होता. "आत्या, डावीकडं," मी म्हटलं.

त्या दचकल्या. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गार वाऱ्याचं नव्हतं हे मला कळलं. "सांगू नका जावईबापू," त्या म्हणाल्या. "चुकू द्या मला." आणि उजवीकडेच गेल्या.

पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या. पाठीला सगळा बर्फ, टोपी गायब. मी तिथंच होतो. "तुम्ही अजून इथंच काय करून राहिले?" असं मला झापून त्या डावीकडच्या वाटेनं दिसेनाशा झाल्या.

आयोजकांनी काकांना गरम खोलीत बसवलं होतं, पण मी चालत परतलो तेव्हा ते शेवटच्या रेषेपाशी काठी टेकून उभे होते. सगळे येऊन गेले. एक बाई खुणांचे झेंडे गोळा करायला निघाल्या, त्यांना काकांनी हात दाखवून थांबवलं. शेवटी आत्या आल्या, शेवटचा उतार सरळ बसून उतरत. सगळी ठिकाणं, सगळी बरोबर क्रमानं. आणि सगळ्यात शेवटचा नंबर.

काकांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "नकाशा दे," म्हणाले. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते छापलेला कागद मिळतो, तो त्यांनी शेजारी धरला आणि डाव्या हाताचं बोट फिरवत त्या फाट्यावर आणून ठेवलं.

"इथं एवढा वेळ काय करत होतीस?"

"तुम्हाला विचारत होते."

"मग, काय सांगितलं मी?"

"काहीच नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मलाही माहीत नव्हतं."

ते खोटं होतं. त्या फाट्यावर काका क्षणभरही थांबले नसते. आत्यांनाही ते कळलं असणार, पण त्यांनी फक्त काकांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. मग खोलीत चहा घेत दोघांनी तो नकाशा एक तासभर चिवडला, इथं का वळलीस, तिथं का नाही वळलीस. आणि भांडणात इतकं सुख असतं हे मी तिथं पाहिलं.

काकांना दहा वर्षं मिळाली नाहीत. दीड वर्षानं ते गेले. पुढच्या फेब्रुवारीत आत्या एकट्याच, स्कीचं लांबलचक गाठोडं घेऊन ट्रेननं स्कॉटलंडला गेल्या. मी फोन करून विचारलं, कशी झाली रेस?

"बरी झाली. एकदाही चुकले नाही," त्या म्हणाल्या. "पण नंतर नकाशा उलगडून बसायला कोणी नव्हतं हो. लवकरची गाडी धरून आले."

मी म्हटलं, रविवारी आमच्याकडे घेऊन या. त्या आल्या. डायनिंग टेबलावरची भांडी बाजूला सारून आम्ही नकाशा पसरला. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण मी बोट ठेवून विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. पाचव्या ठिकाणाच्या अलीकडे त्यांची पेन्सिलची रेघ सरळ वाट सोडून उगाच तळ्याला वळसा घालून आली होती.

"इथं लांबून का गेलात, आत्या?" मी विचारलं.

आत्यांनी चष्मा पुसला. "तळ्यावर ऊन आलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जावं जरा लांबून. रागावणार कोण आहे."